अठ्ठेचाळिसातली अर्धी

मी एक जुनी काडी आहे. दात कोरायची. मित्रांनो, एवढे वाचूनच तुमच्यातल्या काहींनी नाक मुरडले असेल. खुशाल मुरडा. मला नाक असते तर मीही मुरडले असते.

झाडाचे, छत्रीचे, घड्याळाचे आत्मवृत्त तुम्ही वाचले असेल. ती थोर मंडळी. त्यांच्या आयुष्यात ऊन असते, पाऊस असतो, सावलीला बसलेला वाटसरू असतो. माझ्या आयुष्यात नऊ वर्षांचा अंधार आहे आणि मग एक रविवारची दुपार. बस. पण त्या दुपारी माझ्या एका टोकाने एका माणसाच्या जिवाशी खेळ मांडला होता, म्हणून ती सांगितली पाहिजे. सांगताना मला किळस येणार आहे. आली की मी थांबेन. तुम्हीही थांबा.

आता बालपण.

एका कारखान्यात एक सोललेला ओंडका होता. त्याचे पातळ पापुद्रे काढले, पापुद्र्यांच्या काड्या केल्या, काड्यांना दोन्हीकडे टोके काढली. मग आम्हा हजारो जणींना एका फिरत्या पिंपात घातले. तिथे आम्ही एकमेकींना घासून घासून गुळगुळीत झालो. कोणी मीठ लावले नाही, तेल लावले नाही, थुंकी लावली नाही. अंगाला फक्त लाकडाचा वास होता. माझ्या आयुष्यातला स्वच्छ काळ तेवढाच.

पुढे एक गोल डबी आणि स्वयंपाकघरातला एक खण. त्या खणात रबरबँड होते, मेणबत्त्यांचे तुकडे होते, तारीख उलटून गेलेल्या गोळ्यांची पट्टी होती आणि सॉसची एक पुडी होती. चौथ्या वर्षी ती पुडी फुटली. डबीच्या झाकणाच्या फटीतून सॉस आत आला आणि माझ्या शेजारच्या सहा जणी एकमेकींना कायमच्या चिकटल्या. पाच वर्षे मी त्यांच्याकडे पाठ करून पडून होते.

(थांबले. झाले. पुढे जाऊ.)

ते घर सिस्टरांचे. छत्तीस वर्षे त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काम केले होते आणि निवृत्तीनंतरही सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणत असे. घरात त्या आणि त्यांची सून अशा दोघीच असत. मुलगा जहाजावर होता, तो वर्षातून दोनदा येई. सिस्टरांना एक सवय होती. थिएटरमध्ये ऑपरेशनच्या आधी आणि नंतर सगळे मोजतात. सुया, कात्र्या, कापसाचे बोळे, सगळे. दोघांनी मोजायचे आणि मोठ्याने मोजायचे, म्हणजे माणसाच्या पोटात काही शिल्लक राहत नाही. ती सवय त्यांनी घरी आणली होती. पाहुणे येण्याआधी चमचे मोजायचे, पाहुणे गेल्यावर पुन्हा मोजायचे.

लग्न होऊन आली तेव्हा सुनेला याचा फार राग आला होता. खणात पडून मी ते भांडण ऐकले आहे.

"आई, माझ्या माहेरची माणसं चमचे पळवतील असं वाटतं का तुम्हाला?"

"माहेरचीच कशाला," सिस्टर म्हणाल्या होत्या, "मी माझ्या नवऱ्याचेही मोजायचे."

त्यानंतर सून हसली आणि मोजणे तिच्याही अंगवळणी पडले. निदान तसे सगळ्यांना वाटले.

त्या रविवारी दुपारी आठ वादक जेवणाआधीच्या गप्पांना येणार होते. सिस्टरांचा धाकटा भाऊ बागेतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. सून त्यांना मामा म्हणत असे, म्हणून मीही मामा म्हणते. बँडमधल्या सगळ्यांना एकदा घरी बोलवायचे, असे मामांनी परस्पर ठरवले होते.

"एकदम सोपं आहे, आई," सून म्हणाली. तिने मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला होता. "खजूर, बदाम, बेकन आणि काड्या. चारच वस्तू. गुंडाळायचं, टोचायचं, भाजायचं."

"काडी वस्तूंत धरलीस ते बरं केलंस. लोक धरत नाहीत. किती करायचेत?"

"बेकनच्या चोवीस पट्ट्या आहेत. अर्ध्या केल्या की अठ्ठेचाळीस."

"मग अठ्ठेचाळीस काड्या. मोज."

नऊ वर्षांनी डबी उघडली. मी अठ्ठेचाळिसांत आले. चिकटलेल्या सहा जणी डबीतच राहिल्या आणि मला, कबूल करते, आनंद झाला.

आधी आम्हाला वाटीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवले. भिजलेली काडी भट्टीत लवकर जळत नाही, असे मोबाइल सांगत होता. फार वेळ आंघोळ केल्यावर तुमची बोटे सुरकुततात ना, तशी मी झाले. तोवर ठीक होते. मग मी खजूर पाहिला.

सुनेने त्याच्या पोटात सुरी घालून बी काढली आणि त्या जागी बदाम कोंबला. खजूर तिच्या बोटांना चिकटला, बोटे सुरीला चिकटली, सुरी फळीला चिकटली. ते सगळे चकाकत होते. तेही मी सहन केले असते, पण नंतर बेकनचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्यांचे, पाकीट फाडले.

मित्रांनो, कच्ची पट्टी कधी हातात धरली आहे का? ती गार असते. ओली असते. तिच्यात गुलाबी आणि पांढरा असे दोन रंग असतात आणि पांढऱ्यातून बोट अंधूक दिसते. एकीला उचलावे तर दुसरी तिच्या मागोमाग येते, आणि दोघींना सोडवताना जखमेवरची पट्टी ओढल्यासारखा आवाज होतो. सून तिला दोन बोटांच्या टोकांनी धरत होती आणि मान शक्य तितकी लांब ठेवत होती.

"पाहुण्यांना खायला घालायचं आणि तू असं तोंड करतेस," सिस्टर म्हणाल्या.

"भाजल्यावर मी खाईन. आत्ता हात लावायला सांगू नका."

"मग कोणी लावायचा? हात घाल. त्याला काही होत नाही, तुलाही होणार नाही."

सिस्टरांचे हात निराळे होते. त्यांनी पट्टीला हात लावला तो ती जणू कोणाची तरी कातडी आहे अशा बेताने. खजुराभोवती ती ताणून गुंडाळली, शेवट थोडा वर चढवला, आणि मला उचलून आरपार घातले. पट्टीतून, खजुरातून, बदामाच्या कडेने, पुन्हा पट्टीतून बाहेर. टाका घालतात तसे. माझी दोन्ही टोके बाहेर राहिली आणि मधले सगळे अंग आत. ते कसे होते ते मी सांगणार नाही. मधाच्या चिखलात रुतून वरून गार मेणाची चादर घेतल्यासारखे होते, म्हणजे सांगितलेच.

"शिवण खाली ठेव," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर भाजताना उलगडते."

ट्रेमध्ये फॉइल अंथरली होती, फॉइलवर तारेची जाळी, आणि जाळीवर आम्ही सहा सहाच्या आठ रांगांत. भट्टी दोनशे अंशांवर होती. पहिली दहा मिनिटे फक्त घाम आला. मग चरबी वितळायला लागली. ती पट्टीतून निघून माझ्या अंगावरून खाली ओघळत होती, जाळीतून टपकत होती आणि फॉइलवर पडून परत वर उडत होती. बारा मिनिटांनी आम्हाला उलटे केले, म्हणजे जे पोटावरून वाहत होते ते पाठीवरून वाहायला लागले. पंचवीस मिनिटांत पट्टी तपकिरी आणि कुरकुरीत झाली. माझी बाहेरची टोके काळी पडली. पाण्याचा काही उपयोग झाला नाही. माझ्या मधोमध, लाकडाची शीर होती तिथे, एक बारीक चीर गेली. ती कोणाला दिसली नाही.

"वास मस्त सुटलाय," बाहेरून कोणीतरी म्हणाले. मंडळी आली होती.

अशा लेखनात इथे कौतुकाचे दिवस येतात. कौतुक झालेही. खजुराचे झाले, बेकनचे झाले, सुनेच्या हाताचे झाले. काडीची कोणी काडीइतकीही दखल घेतली नाही.

सिस्टरांनी टेबलाच्या मधोमध एक स्टीलचे भांडे ठेवले. ते मूत्रपिंडाच्या आकाराचे होते. निवृत्तीच्या दिवशी थिएटरमधल्या मुलींनी त्यांना ते भेट दिले होते.

"खाऊन झालं की काड्या इथे टाकायच्या. बशीत नाही, खिशात नाही, कुंडीत नाही. इथेच."

"सिस्टर, यात याआधी काय काय ठेवलेलं असेल हो?" ढोलवाल्याने विचारले.

"सांगू?"

"नको, राहू द्या. भूक आहे अजून."

ढोलवाला जाडजूड आणि बोलका होता. बँडमास्तर बारीक आणि गप्प होते. ते पूर्वी कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रंपेट, वाजवत. आता बरीच वर्षे ते फक्त समोर उभे राहून काठी हलवत. बाकीचे पाच जण खाण्यात होते.

माझ्या मैत्रिणी एकेक करून भांड्यात पडू लागल्या. मी ताटातून पाहत होते. कोणी चोखून पांढरी केलेली, कोणी चावून ब्रशसारखी फिसकटलेली, एकीला मिशीचा केस. एकाने तर खाऊन झाल्यावर त्याच काडीने दाढ कोरली, काय निघाले ते टोकावर धरून पाहिले आणि मगच ती टाकली. तसे पाहिले तर आमचे खरे काम तेच. तरीही.

(थांबले.)

बोलता बोलता ट्रंपेटवाल्याचा विषय निघाला. आदल्या वर्षी त्याचे पुढचे दात पडले होते. फुंकीचे वाद्य दातांच्या आधाराने वाजते, म्हणून त्याने आपणहून बँड सोडला होता आणि सगळ्यांनी मिळून त्याला भिंतीवरचे घड्याळ दिले होते.

"आमचं बरं आहे," ढोलवाला म्हणाला. "माझ्या तोंडात एक दात उरला नाही तरी मला कोणी घड्याळ देणार नाही."

"मामांचं बघा, साठीला आले तरी बत्तीसच्या बत्तीस," दुसरा म्हणाला.

"सगळे माझे स्वतःचे," मामा म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्याने हसले. हसताना त्यांनी तोंडावर हात धरला. मग त्यांनी मला उचलले.

मी त्यांच्या बोटांत होते. खजूर त्यांनी पुढच्या दातांत धरला, ढोलवाला आणखी काहीतरी बोलला, मामा हसता हसता मला जोरात ओढ

मी आता अर्धी आहे.

म्हणून पुढची वाक्ये लहान असतील. चीर होती तिथेच तुटले. मामांच्या बोटांत मी राहिले. दुसरे टोक त्यांच्या तोंडात गेले. मामा क्षणभर थांबले. जीभ फिरवली. मग त्यांनी खजूर गिळला. मला भांड्यात टाकले. कोणी पाहिले नाही.

माझ्या दुसऱ्या तुकड्याला काय दिसत होते? मला माहीत नाही. त्याची जागा इथे रिकामी ठेवते.

.

.

मला एवढेच माहीत होते की तो टोकदार आहे. जळून काळा आणि कडक झाला आहे. तो घशात गेला असेल तर खाली जाईल. खाली मऊ आतडी असतात. मी भांड्यात पडून ओरडत होते. काडीला ओरडता येत नाही.

मामा सरबत पीत होते. प्रत्येक घोटाला एक डोळा बारीक करत होते.

ताट रिकामे झाले. मोजायची वेळ आली. सिस्टर आत पाव भाजत होत्या. त्यांनी आतूनच सांगितले, "तू मोज गं."

सुनेने भांडे ओट्यावर नेले. आत डोकावली. तिथे आम्ही होतो, थुंकी होती, थिजायला लागलेली चरबी होती, तो मिशीचा केस होता. तिने हात लावला नाही. काटा उलटा धरला आणि त्याच्या दांड्याने आम्हाला एकेक करून लांबून सरकवले. डोके दिसले की एक. डोके दिसले की एक. माझेही डोके दिसले.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "जुळलं, आई."

"छान. टाकून दे."

तिला किळस आली होती, मित्रांनो. मी तिला दोष देत नाही. मी तिच्या जागी असते तर काटाही लावला नसता. पण किळस आली की माणूस मोजतो तेवढे, पाहत नाही, आणि ते मला त्या दिवशी कळले.

मग कचऱ्याची बादली. वर बेकनचे ओले पाकीट. खाली खजुराच्या बिया. कॉफीचा चोथा. कांद्याचे बूड. कोणीतरी नाक पुसलेला कागद. मी त्या कागदावर पडले. यावर मी काही बोलणार नाही.

सिस्टरांनी पाव ताटात काढले. हात पुसले. मग सहज विचारावे तसे विचारले, "अखंड होत्या ना सगळ्या?"

"अखंड म्हणजे?"

"म्हणजे लांबी. दोन्ही टोकं."

सुनेने बादलीकडे पाहिले. "मी काट्याने मोजल्या," ती म्हणाली. "हात नाही लावला. घाण वाटली."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरले, बादली उचलली आणि पालथी केली.

"आई, अहो, काय करताय?"

"खाली बस. तूही मोज. मोठ्याने."

दोघी जमिनीवर बसल्या. सिस्टर चोथ्यात बोटे घालून आम्हाला काढत होत्या आणि पुसत होत्या. सून कागदावर आम्हाला शेजारी शेजारी मांडत होती. आधी दोन बोटांनी, मग पाच बोटांनी.

"माझी एकदा मोजणी जुळली होती," सिस्टर खाली बघत म्हणाल्या. "सुया बारा. शेवटी बारा. एकीचं टोक नव्हतं, ते कोणी पाहिलं नाही. मीही नाही. अकराव्या दिवशी ऑपरेशन झालेली बाई पोट धरून परत आली."

"मग?"

"वाचली. पण तिचा नवरा मला जिन्यात भेटला की मी दुसऱ्या बाजूने उतरायची. चव्वेचाळीस. पुढे बोल."

"पंचेचाळीस. सेहेचाळीस." सुनेने मला त्या नाक पुसलेल्या कागदावरून उचलले. शेजारणींच्या रांगेत ठेवले. त्यांच्या निम्म्यात मी संपले. "आई. ही अर्धी आहे."

सिस्टरांनी मला तळहातावर घेतले. चष्मा वर केला. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. छत्तीस वर्षांच्या त्या अंगठ्याला माझी किळस नव्हती. मला मात्र माझी आली.

"दुसरा भाग इथे नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोणाच्या तरी आत आहे. लाकूड एक्स-रेत धड दिसत नाही. दुखायला लागेपर्यंत कळतही नाही."

त्यांनी खणातून टॉर्च काढला. मला एका बशीत ठेवले. बशी घेऊन त्या बाहेरच्या खोलीत गेल्या.

"कोणीही काही खायचं नाही आणि गिळायचं नाही. एक काडी अर्धी सापडली आहे. ज्याला टोचतंय त्याने सांगा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मामा खिडकीबाहेर पाहत होते.

"बरं. मग एकेक करून आ करा."

"पाहुण्यांना बोलावून दात तपासतात होय?" ढोलवाला म्हणाला.

"तुमच्यापासूनच सुरुवात. आ. अजून. जीभ वर. तुम्ही घोरत असाल."

"बायकोने फोन केला का तुम्हाला?"

हसू आले, पण सगळे रांगेत बसले. शाळेत बसतात तसे. सिस्टर प्रत्येकाची हनुवटी धरत, टॉर्च मारत, गाल बाजूला करत. मी बशीतून ती तोंडे पाहिली. पिवळी, काळी, सोनेरी. जिभेवर खजुराचा राप. एकाच्या पडजिभेजवळ बेकनचा धागा हलत होता. मास्तरांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "माझं राहू द्या, सिस्टर." सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांचं." मास्तरांनी खोलीकडे पाठ केली आणि आ केले. सिस्टरांनी इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिले. "झालं," त्या म्हणाल्या. "ठीक आहे."

सात तोंडे झाली.

"चल, धाकट्या."

"मला काही टोचत नाही, ताई. आणि मी निघतो, माझी बस आहे."

"बस दर वीस मिनिटांनी आहे."

"मी ते खाल्लंच नाही."

"मामा, मीच तुम्हाला ताट दिलं," सून म्हणाली. "तुम्ही तीन खाल्लेत."

मामा उभे राहिले. त्यांनी क्लॅरिनेटची पेटी उचलली आणि ओठ मिटले. मित्रांनो, मी तोंडांविषयी वाईटच बोलत आले आहे. पण असे मिटलेले तोंड मी पाहिले नव्हते. त्यात माझा तुकडा होता. मामांना तो कळत होता. आणि ते तो घेऊन बसने घरी जाणार होते.

सिस्टरांनी भावाचे मनगट धरले, दुसऱ्या हातात बशी, आणि त्यांना स्वयंपाकघरात नेले. दार लावले.

"इथे कोणी नाही. आता उघड."

"नको, ताई."

"का?"

मामांनी नळाकडे तोंड केले. मग त्यांनी तोंडात अंगठा घातला आणि एक ओढ दिली. ओला, चिकट आवाज झाला. वरचे सगळे दात, हिरड्यांसकट, त्यांच्या हातात आले.

कवळी. गुलाबी, लाळेने भरलेली, कडेला ती चिकटवायच्या पावडरीचा पांढरा लगदा, लगद्यात बेकनचा चुरा. मला भोवळ आली. आणि त्या लगद्यात, आडवा, काळ्या टोकाचा, माझा तुकडा.

आता ती रिकामी जागा भरता येईल. त्याचे म्हणणे असे. 'मामांनी ओढले तेव्हा कवळी सुटली आणि मी तिच्या आणि टाळूच्या मध्ये सरकलो. कवळी परत बसली. वर टाळू, खाली प्लास्टिक. अंधार. गोड आणि खारट. प्रत्येक घोटाला मी थोडा आत रुतत होतो. रक्ताची चव आली. माणूस हूं की चूं करत नव्हता. पुढच्या घासाला कवळी हलली असती तर मी सुटून थेट घशात गेलो असतो.' एवढेच. तोही अर्धाच. त्याचीही वाक्ये लहान आहेत.

सिस्टरांनी टॉर्च मारला. टाळूवर एक लाल ओरखडा होता. त्यांनी कापूस पाण्यात भिजवून तिथे दाबला.

"कधीपासून?"

दात नसलेल्या मामांचे बोलणे हवेने भरलेले होते. "तीन वर्षं."

"आणि वाजवतोस कसा?"

"जास्त पावडर लावून. वरच्या सुरांना सुटते कधीकधी. मग मी खोकल्यासारखं करतो." त्यांनी कवळी हातात फिरवली. "मास्तरांना कळलं तर मलाही घड्याळ देतील, ताई. माझ्याकडे रविवारशिवाय दुसरं काय आहे?"

"म्हणून गिळणार होतास?"

मामांनी कवळी पुढे केली.

सिस्टरांनी दोन बोटांनी तुकडा काढला आणि बशीत माझ्यापुढे ठेवला. तुटलेली कड कडेला लावली. एक अखंड काडी आणून शेजारी ठेवली, लांबी पाहिली. मधली कुसळेही जागच्या जागी बसली. मग त्यांनी दार किंचित उघडून सुनेला हाक मारली.

सून आली. तिने मामांकडे पाहिले, कवळीकडे पाहिले आणि चेहऱ्यावर काही येऊ दिले नाही. तिने बशीत बोट घातले, थेट लाळेत, आणि आमच्या सांध्यावर ठेवले.

"अठ्ठेचाळीस," सिस्टर म्हणाल्या.

"अठ्ठेचाळीस. अखंड," सून म्हणाली.

मग ती ओट्याकडे वळली आणि पाव कापायला लागली. मामांनी कवळी धुतली. पुन्हा बसवायला ते वाकले, तेव्हा सिस्टरांनी त्यांचा हात धरला.

"आज नाही. तिथे जखम आहे."

"असा बाहेर कसा जाऊ?"

"धाकट्या, मी आत्ता सात तोंडं पाहिली. आत काय दिसलं ते सांगायची आमच्यात पद्धत नाही. तुझंही मी कोणाला सांगणार नाही. सांगायचं तर तूच सांग." त्यांनी एक ग्लास काठोकाठ पाण्याने भरला. "पण जा. बाहेर जाऊन बस. मला वाटतं, जा."

मामांनी कवळी पाण्याच्या ग्लासात ठेवली. ग्लास माझ्या बशीशेजारीच. दार उघडे राहिले. बाहेर बोलणे चालले होते, ते थांबले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मामांचा तो हवेने भरलेला आवाज.

"सापडली काडी. माझ्याकडे होती. मास्तर, मला आता काहीतरी मऊ लागेल खायला."

ढोलवालाही बोलला नाही. मी मोजत होते. काड्यांच्या घरात सगळ्यांनाच मोजायची सवय लागते. अकरापर्यंत आले.

"मलाही," मास्तर म्हणाले.

मग कोणीतरी हसले, आणि ते कोण हे मला ओळखू आले नाही, कारण एकाच वेळी बरेच जण हसले. सून पावाच्या कडा काढायला लागली.

मित्रांनो, मी अर्धी आहे, म्हणून माझे मागणेही लहान आहे. तोंडात काही टोचत असेल तर उघडा. समोर कोण बसले आहे ते पाहू नका. आणि आम्हाला टाकण्याआधी एकदा हातात घ्या. नुसते मोजू नका, दोन्ही टोके पाहा. घाण वाटेल. वाटू द्या. हात धुता येतात.

मला मात्र धुवायला कोणी नाही. मी अजून बशीत आहे. शेजारच्या ग्लासात ते दात माझ्याकडे पाहून हसत आहेत, त्यांच्यातून बेकनचा एक धागा सुटून वर वर येतो आहे, आणि ग्लास अगदी काठापर्यंत भरलेला आहे.

शी.